स्पीड राहू दे, पिंगचं बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरचं इंटरनेट कसं निवडायचं यावर लेख आला होता. आमच्याकडे रविवारचा पेपर मोठ्याने वाचायची सासूबाईंच्या वेळेपासूनची सवय, तर वाचता वाचता ‘घरात गेमिंग किंवा स्ट्रीमिंग करणारं कोणी असेल तर किमान ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा’ हे वाक्य आलं आणि मी आणि माझा मुलगा एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. कारण आम्ही ३०० घेतला होता ना! १०० वरून ३०० वर गेलो, वर्षाचे पैसे एकदम भरले, नेटवाला दादा चहा पिऊन गेला आणि त्याच रात्री सव्वानऊला पोरगा आतल्या खोलीतून ओरडला, “आईऽ परत लॅग मारतंय!” लॅग म्हणजे गेम मधेच अडकणं. १०० मधे ओरडायचा अगदी त्याच सुरात.

लेख लिहिणाऱ्यांवर राग नाही, पण तो सल्ला वाचून अजून चार घरं पैसे भरतील आणि त्यांच्याही घरात सव्वानऊला तोच आवाज येईल, म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त वहीचा भाग ठेवा.

मी कॉम्प्युटरवाली बाई नाही. वाशीला एका फर्ममधे अकाउंट्स बघते, बावीस वर्षं व्हाउचरं आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवण्यात गेली. राहायला ऐरोलीत. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेज करून रात्री व्हॅलोरंट नावाचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो आणि ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. बघणारे तीस-चाळीस, त्यात चार आमचेच नातेवाईक, पण त्याला ते फार मोठं काम वाटतं आणि खरं सांगायचं तर आता मलाही वाटायला लागलंय.

आधी मला वाटायचं लॅग म्हणजे नेट स्लो, स्लो म्हणजे स्पीड कमी, म्हणजे पैसे वाढवा. तसं नाहीये ते. स्पीड म्हणजे रस्ता किती रुंद आहे आणि पिंग म्हणजे तुमच्या गाडीला जाऊन यायला किती वेळ लागला, तो मोजतात मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. घोडबंदर रोड कितीही लेनचा असू दे, कापूरबावडीला गाड्या तुंबल्या की रुंदी काय कामाची? गेमला रुंदी फारशी लागतच नाही, हे मला कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, त्याच्या पुष्कळ खाली काम भागतं. पण जे काही चिमूटभर जायचंय ते वेळेवर गेलं पाहिजे. व्हॅलोरंटचा सर्व्हर, म्हणजे गेम जिथून चालतो तो कॉम्प्युटर, सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो म्हणजे साधारण पावणेआठ मिलिसेकंदाला एकदा, आणि मधेच तुमचा पिंग २०० नी उडाला तर तेवढ्यात पंचवीस हिशोब तुमच्याशिवाय होऊन गेले. समोरचा कोपऱ्यातून आला, मारला, निघून गेला, तुमच्या स्क्रीनवर तो अजून भिंतीमागेच.

आणि इथेच नेटवाल्यांचा लाडका डायलॉग येतो, “मॅडम नेटफ्लिक्स चालतंय ना मस्त?” चालणारच. पिक्चर पुढचा काही वेळचा भाग आधीच उतरवून ठेवतो, मधे काही सेकंद नेट झोपलं तरी तुम्हाला कळतही नाही. गेमला साठवून ठेवायला काही नाही कारण पुढे काय होणार ते अजून कोणी खेळलेलंच नाही. व्हिडिओ कॉलचंही तसंच. तेव्हा नेटफ्लिक्स चालतंय म्हणजे लाइन चांगली आहे, हे म्हणजे टाकीत पाणी आहे म्हणून नळाला चोवीस तास पाणी येतं म्हणण्यासारखं झालं.

तर वही. पोरगा रोज म्हणायचा “सारखं लॅग होतं”. आता ‘सारखं’ हा आकडा नाही. मी त्याला म्हटलं मला तारीख, वेळ आणि किती वेळ टिकलं ते लिहून दे, नाहीतर माझ्याकडे तक्रार आणू नकोस. त्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग लिहायला लागला. गेममधेच एका कोपऱ्यात पिंग आणि पॅकेट लॉस (नेटवर सगळं छोट्या छोट्या पाकिटांतून जातं, त्यातली किती वाटेत हरवली ते) दाखवायची सेटिंग असते ती चालू करून घेतली आणि शाळेच्या उरलेल्या दोनशे पानी वहीत चार कॉलम आखले. वेळ, पिंग किती, किती मिनिटं, घरात तेव्हा काय चालू होतं. चौथा कॉलम माझी आयडिया, आणि त्यातच चोर सापडला.

तीन आठवड्यांनी मी वही घेऊन बसले, जशी मार्च एंडला बसते. एरवी पिंग ९-१०. रोज रात्री नऊ वाजून दहा ते नऊ वाजून वीस मिनिटांच्या मधे कधीतरी तो एकदम २८०-३४० वर जातो, पंधरा-वीस मिनिटं तिथेच नाचतो आणि आपोआप खाली येतो. नेटवाल्याला विचारलं तर म्हणे रात्रीचं पीक अवर आहे, सगळ्यांकडेच असतं. मला पटलंही असतं. पण तीनही रविवारी त्या वेळेला काही नव्हतं. रविवारी रात्री नऊला लोक काय नेट वापरत नाहीत की काय, उलट जास्त वापरतात! मग रविवारी आमच्या घरात वेगळं काय असतं? चौथा कॉलम बघितला. सोमवार ते शनिवार सगळीकडे पोरानी कंटाळून एकच लिहिलं होतं, ‘बाबा आले’.

आमचे हे घोडबंदर रोडला एका बिल्डिंगच्या साइटवर सुपरवायझर आहेत. दिवसभर स्लॅबचे, सळयांचे, प्लास्टरचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे हेच काम, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून नऊच्या सुमारास घरी. चप्पल काढायच्या आत खिशातला फोन घरच्या वायफायला चिकटतो आणि दिवसभरातले अडीच-तीन जीबी फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. फोनवरची सेटिंग फक्त वायफायवर बॅकअप घे अशी, कारण मोबाइलचा डेटा संपू नये. काय चुकीचं आहे त्यात? काहीच नाही. रविवारी हे घरी, साइट बंद, फोटो नाहीत, लॅग नाही. पोरगा सहा महिने कंपनीला शिव्या घालत होता आणि त्याचा खरा वैरी रोज त्याच्याच शेजारी बसून आमटी-भात खात होता.

आता माझा प्रश्न असा होता की ३०० ची लाइन एका फोननी कशी भरते? तर प्लॅनच्या कागदावर ३०० मोठ्या अक्षरात आणि ‘अपलोड ३०’ हे खाली मुंगीएवढ्या अक्षरात. फोटो वर चढतात ते अपलोडमधून. पोराचा लाइव्ह स्ट्रीम वर जातो तोही अपलोडमधून, ६००० केबीपीएस म्हणजे ६ एमबीपीएस, आणि उरलेलं सगळं हा फोन ओढून घेतो, जितकं मिळेल तितकं, त्याला काय घाई नाही पण पोट मोठं आहे. आणि गेमची ती चिमूटभर पाकिटं यांच्या मागे रांगेत.

या प्रकाराला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला २०१० च्या सुमारास हे सापडलं, तेही स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर, घरून मोठ्या फाइल्स वर पाठवताना, त्यामुळे मला तो आपल्यातलाच वाटला. होतं काय, राउटरमधे पाकिटं थांबवून ठेवायला जागा असते, ती बनवणाऱ्यांनी गरजेपेक्षा मोठी करून ठेवली, का तर एकही पाकीट पडू नये. पण जागा मोठी म्हणजे रांग मोठी. मिसळीच्या दुकानात तुम्हाला एकच प्लेट हवीय, दोन मिनिटांचं काम, पण तुमच्या पुढचा माणूस ऑफिससाठी दीडशे प्लेट पार्सल सांगून उभा आणि दुकानदार एकदम शिस्तीचा, ज्याचा नंबर आधी त्याचंच आधी. दुकान मोठं केलं, बाकडी वाढवली तरी तुमची मिसळ दीडशे प्लेटांनंतरच येणार. शहाणा दुकानदार काय करतो, पार्सल भरता भरता मधेच एक प्लेट तुमच्यापुढे सरकवतो, पार्सलवाल्याला कळतही नाही. राउटरलाही हे शिकवता येतं. एसक्यूएम म्हणून सोय असते, त्याच्या आत एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची पद्धत चालते, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मधे कोडेल ही रांग लांबू न देण्याची रीत मांडली त्यावरूनच पुढचं एफक्यू-कोडेल आलं. ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर हे फुकट मिळतं. फक्त एक अट, तुमची खरी स्पीड जेवढी आहे त्याच्या ८५-९० टक्क्यांवर आकडा लावायचा, म्हणजे रांग लागली तर तुमच्या शहाण्या राउटरमधे लागेल, पुढच्या कंपनीच्या डब्यात नाही. आम्ही अपलोडला २६ लावला. ऐकायला तोटा वाटतो ना, ३० चे पैसे भरून २६ वापरायचे? पण पिंग ३०० वरून १४-१५ वर आला, फोटो तीनेक मिनिटं जास्त घेतात एवढंच.

आणि हे सगळं करायच्या आधीचे काही दिवस आम्ही साधा उपाय केला होता, ह्यांच्या फोनचा बॅकअप बंद आणि झोपताना हाताने चालू. फुकटातला उपाय तोच आहे, ज्यांना राउटरच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी एवढंच करावं. लॅपटॉपवरही बघावं, विंडोजचे अपडेट शेजारच्या कॉम्प्युटरना वाटायची एक सेटिंग असते डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची, ती अपलोड खाते, क्लाउड ड्राइव्हचं सिंक असतं, आणि हल्ली तर घराबाहेरचा सीसीटीव्ही कॅमेरापण रात्रंदिवस वर पाठवत असतो.

मोठा चोर गेला, पण वहीत छोट्या चोऱ्या राहिल्याच. दर मिनिटाला एक छोटा झटका, १२०-१५०, क्षणभरच. आणि दुसरा, मी जेवणाच्या वेळी मायक्रोवेव्ह लावला की. पोरगा म्हणायचा “आई तू पोळ्या गरम केल्यास की मी मरतो”, मला वाटायचं खोटारडा, पोळ्या गार खायला लागू नयेत म्हणून मीच उलट ऐकून घेतेय. पण मायक्रोवेव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि जुना वायफायही तिथेच. त्यात आमच्या बिल्डिंगमधे फोनवर एक ॲप टाकून बघितलं तर हॉलमधून ३१ वायफाय दिसले, एकतीस! त्या बँडमधे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे सगळे एकाच ताटात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी पण तो आरसीसीची एक भिंत कशीबशी पार करतो, दुसऱ्या भिंतीला हात टेकतो, आणि आमचा राउटर टीव्ही युनिटच्या मागे, पोराची खोली दोन भिंती पलीकडे. दर मिनिटाचा झटका म्हणजे लॅपटॉप स्वतःच खेळता खेळता ‘अजून कुठला चांगला वायफाय आहे का’ बघायला मान वर करतो तो.

यावर उपाय वायर. बाकी सगळं मनाची समजूत. हॉलमधून खोलीत १५ मीटर लॅन केबल, दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारून. सासूबाई म्हणाल्या घराची शोभा गेली, खरंच गेली, पण पिंगची रेघ अशी सरळ झाली की पोरानी स्क्रीनशॉट काढून मामाला पाठवला. इथेही एक गंमत, वायर टाकल्यावर स्पीड ९४ च्या वर जाईचना. नेटवाल्याच्या पोऱ्याने आठातल्या चारच तारा कनेक्टरमधे बसवल्या होत्या, चार तारांवर १०० च चालतं, गिगाबिटला आठही लागतात. परत क्रिंप करून घेतलं. अकाउंट्सच्या भाषेत सांगायचं तर ३०० चे पैसे भरून आम्ही ९४ ची पावती घेत होतो.

आता ज्यांना वही-बिही जमणार नाही त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा, पोरानीच शिकवली मला. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, कमांड प्रॉम्प्ट, आणि पिंग लिहून आपल्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि शेवटी मायनस टी, म्हणजे ते थांबत नाही, चालूच राहतं. दुसरी तशीच खिडकी, पण पत्ता बाहेरचा, ८.८.८.८. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि खेळायचं. राउटरचाच आकडा उड्या मारत असेल, तर दोष तुमच्या घरातल्या वायफायचा, कंपनीला फोन करून स्वतःचं हसं करू नका. राउटर १-२ वर शांत आणि बाहेरचा उडतोय, तर एकतर घरातलं कोणीतरी लाइन भरतंय नाहीतर कंपनीकडे घोळ. ते वेगळं करायला घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे वायफायवरून काढा, फक्त एक लॅपटॉप वायरवर, तरी उडतोय? मग बिनधास्त भांडा. स्पीडटेस्टच्या एका आकड्यावर जाऊ नका, तो सर्व्हर बऱ्याचदा अगदी जवळचा असतो, कधी कंपनीचा स्वतःचाच. करायचीच तर अशी करा ज्यात डाउनलोड-अपलोड चालू असतानाचा पिंग वेगळा दाखवतात, रिकाम्या लाइनीचा पिंग काय, सगळ्यांचाच छान असतो.

आम्ही भांडलो, कारण घरातलं सगळं साफ करूनही दोन गोष्टी उरल्या होत्या. एक, मधेमधे पॅकेट लॉस ३-४ टक्के, पाकिटं रस्त्यातच गहाळ. दोन, रात्री साडेनऊ ते साडेअकरा पिंग ९ चा ३७-३८, उडत नाही पण तिथेच बसलेला, आणि हा मात्र रविवारीही. कंपनीचं नाव लिहीत नाही, छोटी लोकल कंपनी आहे, पोटावर पाय द्यायचा नाही. पहिला माणूस आला त्याने स्पीड दाखवली, २९१, “बघा मॅडम”. मी वही दाखवली. तो वही बघून जरा घाबरलाच. दुसरा आला तो जाणता होता, फायबरमधला उजेड मोजायचं पॉवर मीटर घेऊन आला, फायबर काढून लावला तर आकडा उणे २७ की काहीतरी, म्हणे इथपर्यंत आला म्हणजे डब्याला नीट दिसतच नाही. चपलांच्या रॅकमागे फायबर काटकोनात मोडून बसला होता, दिवाळीच्या साफसफाईत मीच रॅक भिंतीला सरकवला होता. काचेतून उजेड जातो, काच दुमडली की उजेड बाहेर गळतो. वायर मोकळी केली, शेवटचा तुकडा बदलला, उणे २०. पॅकेट लॉस गेला. ही चूक कोणाची ते मी वहीत लिहिलेलं नाही.

दुसरा प्रॉब्लेम मात्र माझ्या रॅकचा नव्हता. पोरानी ट्रेसरूट चालवून बघितलं, त्यात पाकीट कुठून कुठून जातं त्या थांब्यांची नावं दिसतात आणि नावांत बऱ्याचदा विमानतळाचा कोड असतो, बीओएम म्हणजे मुंबई. संध्याकाळी सातला बीओएम, बीओएम, संपलं. रात्री दहाला मधे एमएए. म्हणजे चेन्नई! आता विचार करा, आम्ही ऐरोलीत राहतो, ऐरोली-रबाळे-महापे या टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटर्सच्या बिनखिडक्यांच्या इमारती एकामागून एक उभ्या राहतायत, अर्ध्या देशाचं इंटरनेट आमच्या रिक्षा स्टँडच्या पलीकडे राहतं म्हणायला हरकत नाही, गेमचा सर्व्हरही मुंबईचाच निवडलेला, आणि आमच्या पोराची गोळी ऐरोलीहून चेन्नईला जाऊन मुंबईत येते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १०, उत्तरही त्याच वाटेने चेन्नईवरून परतलं तर २०, आणि तार काही सरळ रेषेत टाकलेली नसते, तेव्हा तो वरचा अठ्ठावीस-एकोणतीसचा फरक बरोबर जुळतो. मी कॅल्क्युलेटरवर जुळवून बघितला. आणि हा असा खर्च आहे की कितीही मोठा प्लॅन घ्या, एक पैसा कमी होत नाही, चेन्नई काही ३०० चा प्लॅन घेतला म्हणून जवळ येत नाही.

कस्टमर केअरच्या मुलीला यातलं काही सांगून उपयोग नव्हता, तिच्यासमोर कागद असतो, त्यावर ‘राउटर बंद करून चालू करा’ लिहिलेलं असतं, ती तरी काय करणार बिचारी. आम्ही तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला, सातचा आणि दहाचा ट्रेसरूट शेजारी-शेजारी लावून मेल केला, उत्तर आलं नाही म्हणून वरच्या अपीलवाल्या अधिकाऱ्याकडे गेलो, ती सोय कंपन्यांना ठेवावी लागते. ट्राय, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणारी सरकारी संस्था, स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते तिकडे पत्र पाठवून वाट बघत बसतात. तिसऱ्या आठवड्यात कंपनीच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन आला, म्हणे रात्री मुंबईची लाइन भरली की ट्रॅफिक दुसऱ्या बाजूनी वळवतो, बघतो. बघितलं असावं, कारण आता दहाला ११-१२ असतो. आठवड्यातून एखाद्या रात्री चेन्नईची सहल होते अजून.

बरं एवढं सगळं होऊन स्ट्रीम बघणारा आमचा भाचा म्हणतो, “मामी, दादाचा व्हिडिओ अजून अडकतोय.” पिंग १२, लॉस शून्य, तरी. आता हे काय नवीन? तर लॅग या एका शब्दात लोक तीन वेगळे रोग कोंबतात. नेट उडणं वेगळं, कॉम्प्युटर दमणं वेगळं आणि स्ट्रीम वर न पोचणं वेगळं. पोरगा स्ट्रीम करायला ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, त्यात आकडे दाखवायची खिडकी असते. तिथे ‘ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क’ वाढत असेल तर अपलोडचा दोष. ‘एन्कोडिंग लॅग’ वाढत असेल तर नेटचा काही संबंध नाही, लॅपटॉपला गेम आणि व्हिडिओ दोन्ही झेपत नाहीये. ‘रेंडरिंग लॅग’ म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा जीव गेलाय. आमच्याकडे दुसरा निघाला. एन्कोडिंग प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डावर टाकलं, स्ट्रीम १०८० वरून ७२० वर आणला, आणि लॅपटॉप उघडून पंखा साफ करून आणला, त्यातून निघालेली धूळ बघून मला आमच्या जुन्या मिक्सरची आठवण झाली. मे महिन्यात ऐरोलीत दमट हवेत तो गरम व्हायचा आणि गरम झाला की स्वतःच हळू चालायचा, आम्ही मात्र नेटवाल्याला फोन करायचो.

या सहा महिन्यांत फुकट गेलेले पैसेही सांगते, हिशोब पूर्ण पाहिजे. पिंग बूस्टर नावाचं ॲप, महिन्याचे पैसे. ते तुमचा रस्ता बदलतं, कंपनीचा रस्ताच वाकडा असेल तर कधी उपयोग होतो, पण घरातलाच एखादा फोन नेटची लाइन भरून टाकत असेल तर शून्य, आणि आम्ही ते फोनवाल्या महिन्यातच घेतलं होतं. डीएनएस बदला म्हणजे पिंग कमी होतो असं कुठल्याशा व्हिडिओत बघून ते केलं, फुकट होतं म्हणून ठीक, पण डीएनएस म्हणजे फोन डिरेक्टरी, नंबर एकदा लागल्यावर बोलण्यात तिचा काय संबंध? आठ अँटेनांचा गेमिंग राउटर घेणार होतो, कोळ्यासारखा दिसतो, तेवढे पैसे वाचले.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या पुरवणीत प्लॅनचा तक्ता होता, कंपनी, एमबीपीएस, महिन्याचे पैसे. त्यात अपलोडचा कॉलम नव्हता. पुढच्या वेळी टाका, प्रत्येक कंपनीला विचारा, लिहून मागा, आणि त्याच्या शेजारी रात्री दहाचा पिंग किती आणि पॅकेट लॉस किती हेही विचारा. ही काही माझी जगावेगळी मागणी नाही, ट्रायनी २००६ सालीच ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले तेव्हा स्पीडबरोबर लेटन्सीचा, म्हणजे पिंगसारख्याच उशिराचा, आकडाही घातला होता, देशातल्या देशात १२० मिलिसेकंदांच्या आत, आणि पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत, आणि २०२४ मधे नवे नियम आले त्यातही हे मोजमाप आहे. मोजतात, पण जाहिरातीत कोणी छापत नाही आणि तुम्हीही छापत नाही. कंपन्यांनी उत्तर दिलं नाही तर त्या चौकटीत ‘उत्तर दिले नाही’ असं छापा, तेवढंही आम्हाला पुष्कळ आहे. आणि माझी वही हवी असेल तर झेरॉक्स पाठवते, मूळ प्रत मिळणार नाही.

आपली वाचक,
अकाउंट्सवाली एक आई, ऐरोली

ता. क. — पावसाळ्यात लाइट डोळा मारून गेली तरी राउटर परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात मॅच हातची जाते, त्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, घ्या. फक्त आधी राउटरच्या आणि त्या फायबरच्या डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ आणि अँपिअर किती ते बघून जा. आमच्या शेजारच्यांनी न बघता ऑनलाइन मागवला, परत करायची मुदत गेली, तो त्यांच्या माळ्यावर आहे.